मुधोळचा बाजार आणि भिवंडीचा शेजार

मुधोळच्या बाजारात एखादा शेतकरी मिठाची पुडी बांधून घेत उभा असला, तर पुष्कळदा असे दिसते की तो भाव मराठीत विचारतो, दुकानदार त्यास तेलुगूत उत्तर देतो आणि सुट्या पैशांचा वाद दोघेही दखनी उर्दूत मिटवतात. ह्या प्रकारात तेथे कोणालाही नवल वाटत नाही. तीन भाषा बोलता येणे हे त्या भागात विद्वत्तेचे लक्षण मानले जात नाही. पोहता येणे किंवा बैल हाकता येणे ह्यासारखीच ती एक व्यवहारातली गोष्ट आहे.

घोरपड्यांच्या संस्थानामुळे प्रसिद्ध झालेले कर्नाटकातील मुधोळ ते निराळे. मी बोलतो आहे ते गोदावरीच्या उत्तरेकडील, बासरच्या सरस्वतीमंदिराच्या शेजारचे मुधोळ. १९५६ पर्यंत हा हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यातील एक तालुका होता. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली व आदिलाबाद जिल्ह्यात बसली. उलट त्या जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य निराळे झाले, आणि २०१६ साली आदिलाबादचे विभाजन होऊन मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. निजामाच्या अमदानीत कचेरीची भाषा उर्दू होती, नंतर ती तेलुगू झाली. घरातली मराठी मात्र कित्येक घरांत जशीच्या तशी राहिली. सरहद्दीवरच्या माणसाला जागचे न हलता तीन मुलखांत राहावे लागते, ते असे.

आजच्या बोलण्याचा विषय मोठ्या शहरालगत वाढलेल्या, नाना भाषांच्या आणि नाना धर्मांच्या उपनगरी शहरात राहणे म्हणजे काय, हा आहे. मग आरंभ मुधोळपासून कशाला, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की, मुधोळच्या बाजारातल्या ह्याच तीन भाषा शेकडो कोस दूर, मुंबईच्या अंगाला, एका फार मोठ्या गावात पुन्हा एकत्र ऐकू येतात. ते गाव म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी. मुधोळचा माणूस तेथे उतरला तर त्याचे कान पहिल्याच दिवशी ओळखीचे शब्द टिपतील. पुढे मात्र त्यास कळून येईल की, भाषा त्याच असल्या तरी शेजार तोच नाही. ह्या दोहोंतला फरक कोठे आहे, तो मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

भिवंडी हे कामवारी नदीकाठचे जुने बंदरी गाव. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी, ब्राह्मण आणि गुजराती व्यापारी अशी वस्ती तेथे पूर्वीपासून होती. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले. मालेगावाप्रमाणे भिवंडीतही त्यांनी हातमाग मांडले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. ह्याच समाजाने सोलापूरचे रूप पालटले; भिवंडीत त्यांचे पद्मानगर वसले. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्धात वीज आली, हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागला, आणि गावाच्या गल्ल्यागल्ल्यांतून धोट्यांचा खडखडाट सुरू झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. गिरण्या बसल्या तसे त्यांचे काम बव्हंशी यंत्रमागाकडे वळले आणि भिवंडी झपाट्याने फुगली. ह्या शतकाच्या आरंभी तेथे महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत ह्या शहराची वस्ती सात लक्षांहून अधिक भरली. तीत निम्म्याहून अधिक मुसलमान आहेत.

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंबिवलीसारखे गाव येते. तेथला माणूस सकाळी गाडी पकडून मुंबईस कामाला जातो आणि रात्री झोपावयास परत येतो. भिवंडीचा प्रकार निराळा आहे. मुंबईच्या मुख्य उपनगरी लोहमार्गांवर हे शहर नाही. वसई-दिवा मार्गावर त्याचे एक स्थानक आहे, एवढेच. येथला माणूस कामासाठी बाहेर जात नाही. काम आणि माणूस दोन्ही बाहेरून येथे येतात. झोपणे, राबणे, भांडणे आणि सण साजरे करणे हे सारे त्याच चार गल्ल्यांत चालते. त्यामुळे नाना प्रकारच्या लोकांनी एकत्र राहणे म्हणजे काय, ते येथे जितके उघडे दिसते तितके झोपण्यापुरत्या उपनगरात दिसत नाही.

आपण असे समजू की, मुधोळच्या बाजूचा एक तरुण ह्या गावी कामाला आला आहे. पहिली गोष्ट त्याच्या अनुभवास येईल ती आवाजाची. माग दोन पाळ्यांत चालतात, बहुधा बारा बारा तासांच्या. एक कामगार एकाच वेळी चार चार, सहा सहा मागांवर नजर ठेवतो. धागा तुटला की माग थांबवावा, गाठ मारावी, कांडी संपली की बदलावी, आणि पुढच्या मागाकडे वळावे. हा खडखडाट भिंतीतून, जमिनीतून, उशीतून येत राहतो. जुन्या रहिवाशास तो ऐकूच येत नाही. उलट मध्यरात्री वीज गेली आणि सगळे निःशब्द झाले, म्हणजे त्याची झोप मोडते.

दुसरी गोष्ट खोलीची. एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात. दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की रात्रपाळीची येऊन त्याच जागेवर अंग टाकतात. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. उत्तर प्रदेशातला, बिहारातला, तेलंगणातला मजूर आपापल्या मुलखाच्या माणसाची खाणावळ शोधतो, कारण परगावी माणसाला सर्वांत अगोदर आठवण होते ती घरच्या अन्नाची. आमच्या ह्या तरुणाला मात्र येथे एक सोय लाभते. पद्मानगरात तो कोणास ‘अण्णा’ म्हणतो, पलीकडच्या मोहल्ल्यातील कारखानदारास ‘चाचा’ म्हणतो आणि भाजीवाल्या आगरी बाईस ‘मावशी’ म्हणतो. आश्विनात पद्मानगरातील बायका फुलांची उतरंड रचून बतकम्माभोवती फेर धरतात, तेव्हा आपण घरापासून फार दूर आलो नाही असे त्यास क्षणभर वाटते.

आता कामाकडे पाहा. भिवंडीचे कापड एका जातीचे किंवा एका धर्माचे नाही, असे म्हणावे लागेल. सूत आणून देणारा व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी. सुताला खळ देऊन त्याचे बीम भरले जातात ती सायझिंगची गिरणी कोणाची तरी तिसऱ्याची. माग मोमिनाचा किंवा पद्मशाल्याचा. मागावरचा कामगार आझमगडचा किंवा करीमनगरचा. कापडाचे गठ्ठे वाहणारा टेंपो स्थानिक मराठी माणसाचा. कित्येक मागवाले स्वतः कापड विकत नाहीत. व्यापाऱ्याचे सूत घेऊन ते मजुरीवर विणून देतात. ह्यांपैकी एकाने हात आखडला की सगळ्यांचे काम अडते. ह्याहून एकमेकांची गरज ती कोणती?

आणि तरीही हे शहर दोनदा जळाले. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. न्यायमूर्ती डी. पी. मादन ह्यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड येथील त्या वेळच्या दंगलींची सविस्तर चौकशी केली. पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. ती ठाणे व मुंबईपर्यंत पसरली आणि दोनशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. माग जळाले, घरे जळाली. काल ज्याच्या बीमावर ज्याचे पोट अवलंबून होते, त्याच्या गल्लीत आज पाऊल टाकण्याची सोय राहिली नाही.

येथे आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे. पोटाची गरज माणसांस जवळ आणते, हा समज सर्वत्र आहे आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु व्यवहारातली गाठ ही कामापुरती असते. सूत देणारा आणि सूत घेणारा हिशेबाच्या वहीशी भेटतात. त्यांच्या बायका, मुले, म्हातारी माणसे भेटत नाहीत. संध्याकाळ झाली की प्रत्येकजण आपापल्या वस्तीकडे वळतो. मुलांच्या शाळाही भाषेनुसार वेगळ्या: कोणी मराठी शाळेत, कोणी उर्दू, कोणी तेलुगू. ह्यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. मुलास आपल्या भाषेत शिकविणे हा आईबापांचा हक्कच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की, सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत शेजारच्या मोहल्ल्यातील एकाही मुलाचे नाव माहीत नसलेला मुलगा मोठा होतो. अशा दोन मुलांच्या दरम्यान एक दिवस अफवा आली, तर तिची शहानिशा करावयास त्यांनी कोणाकडे जावे?

ह्या प्रश्नाला भिवंडीने एक उत्तर शोधून पाहिले. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. पोलीस वस्तीत शिरतो तो दंगलीच्याच वेळी, आणि एका समाजाची माणसे दुसऱ्या समाजाच्या माणसांबरोबर शांतपणे बसतात तीही दंगल झाल्यानंतरच, शांतता समितीत. मग शांतता असतानाच ही बैठक का असू नये, असा साधा विचार ह्या प्रयोगामागे होता. शहराचे लहान लहान भाग करून प्रत्येक भागात एक मोहल्ला समिती नेमण्यात आली. तीत हिंदू व मुसलमान सारख्या संख्येने घेतले. सभेत भाषणे ठोकणाऱ्या पुढाऱ्यांऐवजी शिक्षक, वकील, दुकानदार, मागवाले आणि मजूर अशी त्या गल्लीत रोज वावरणारी माणसे निवडली. त्या भागाचा पोलीसही त्यांच्याबरोबर बसू लागला.

समितीपुढे येणारे प्रश्न लहानसहान असत. नळावरचे भांडण, वाटेत येणारी गाडी, मुलींची छेड, मिरवणुकीची वाट व वेळ. सर्वधर्मसमभावावर व्याख्यान देण्याची तेथे गरजच नव्हती. नळाचे भांडण मिटवावयास माणसे वारंवार एकत्र बसली, की त्यांना एकमेकांची नावे कळतात, घरे कळतात, कोण तापट आणि कोण शहाणा हे कळते. नंतर एखाद्या रात्री ‘पलीकडे अमुक झाले’ अशी बातमी येऊन धडकली, तर पलीकडच्या कोणास उठवून विचारावे हे ठाऊक असते. साऱ्या योजनेचे मर्म एवढेच होते.

डिसेंबर १९९२ मध्ये तिची परीक्षा झाली. अयोध्येची बातमी आली आणि मुंबई पेटली; डिसेंबर व जानेवारीतल्या त्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. जिच्याबद्दल सर्वांस धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली तरी भिवंडी का जळाली नाही, ह्याच प्रश्नावर खोपडे ह्यांनी पुढे मराठीत पुस्तक लिहिले. आशुतोष वार्ष्णेय ह्या राज्यशास्त्रज्ञांनीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे. अलीगड व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षाचा सारांश असा की, ज्या शहरांत दोन्ही समाजांच्या सामाईक संस्था असतात, मग त्या व्यापारी मंडळाच्या असोत, कामगार संघाच्या असोत की वाचनालयाच्या, त्या शहरांत ठिणगी पडली तरी आग पसरत नाही. लहान गावात नित्याची जाण्येयेणी व ओळखी पुरतात. मोठ्या शहरात त्या पुरत नाहीत, म्हणून तेथे संस्था लागतात.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. मुधोळसारख्या गावात शेजार आपोआप जमतो. ज्याच्याशी आज सुट्या पैशांवरून वाद झाला, त्याच्या बापाला तुमच्या बापाने बी-बियाणे उसने दिलेले असते. त्याच्या घरची लग्नकार्ये आणि मयते तुम्हांस ठाऊक असतात. सात लक्षांच्या शहरात ही सोय नाही. तेथे समोरचा माणूस कोणाचा कोण, हे त्याच्या टोपीवरून, कपाळावरून किंवा बोलीवरून ओळखावे लागते, आणि अशी ओळख भांडणाच्या वेळी फार घातक ठरते. सिंगापूरने ह्याच कारणास्तव १९८९ साली सरकारी इमारतींत प्रत्येक वंशाच्या लोकांचे प्रमाण कायद्याने ठरवून दिले, म्हणजे एका वंशाची निराळी वस्ती होऊ नये. आपल्याकडे असा नियम नाही, आणि असावा की नाही ह्यावर मतभेद होतील. पण घरे वेगळी राहणारच असतील, तर बसावयाची जागा तरी सामाईक हवी, एवढे भिवंडीच्या अनुभवावरून म्हणता येईल.

अशी व्यवस्था एकदा केली म्हणजे कायमची पुरते, असेही कोणी समजू नये. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून नागरिक व पोलीस ह्यांच्यात दंगल उसळली आणि दोन्हीकडची माणसे मेली. समितीतली माणसे म्हातारी होतात, अधिकारी बदलतात, नवे भाडेकरू येतात. आता तर शहराचे रूपच पुन्हा पालटत आहे. मागाचा धंदा कित्येक वर्षे मंदीत आहे. बरेच माग भंगारात गेले. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली ह्या आसपासच्या गावांत भाताच्या शेतांवर प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत, आणि मुंबईच्या घरोघर पोचणारा माल तेथून निघतो. ह्या गोदामांत काम करणारा मुलगा महिनाभर एका ठिकाणी असतो, पुढच्या महिन्यास दुसरीकडे. त्यास कोणत्या मोहल्ल्याचा म्हणावे? नळावरचे भांडण मिटविणाऱ्या बैठकीत त्याची जागा कोणती? जुन्या समितीला हा प्रश्न नव्हता; नव्या शहरापुढे तो आहे.

आणि लहान गावांनी तरी निश्चिंत राहावे काय? मुधोळच्या शेजारचे भैंसा हे कापसाच्या बाजाराचे गाव. भाषा त्याच, माणसेही त्याच प्रकारची. पण २००८, २०२० आणि २०२१ ह्या वर्षी तेथे दंगली झाल्या, घरे जळाली. म्हणजे ज्या नित्याच्या ओळखीवर आपण भिस्त ठेवतो, ती लहान गावातही झिजू लागली आहे. गाव वाढते, वस्त्या वेगळ्या होतात, मुले वेगळ्या शाळांत जातात, आठवड्याच्या बाजाराची जागा दुकानांच्या रांगा घेतात, आणि गावाच्या नकळत त्याचे शहर होते. लोकसंख्या शहराची होण्यापूर्वीच स्वभाव शहराचा होऊन बसतो. अशा वेळी भिवंडीचा धडा केवळ मुंबईच्या उपनगरांपुरता राहत नाही. सरहद्दीवरच्या प्रत्येक गावाने तो वाचून ठेवावा असा आहे.

मोठ्या, नाना लोकांच्या शहरात राहणे म्हणजे काय, ह्या आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर ह्यामुळे थोडे रुक्ष आहे. तेथे राहणे म्हणजे अनोळखी माणसाशी ओळख करून घेण्याचे काम मुद्दाम, वेळ काढून, कंटाळा आला तरी करीत राहणे. मनात प्रेम असेल तर उत्तमच. नसले तरी दर पंधरवड्यास एका बाकावर बसता आले, तर पुष्कळ काही साधते. आपल्या गल्लीत अशी बैठक आहे काय, नसल्यास ती कोठे भरविता येईल, शाळेच्या ओट्यावर, वाचनालयात की चहाच्या दुकानात, हा विचार प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

मुधोळहून आलेला आमचा तरुण अशा बैठकीला फार उपयोगी पडेल, असे मला वाटते. तीन भाषा तो घरूनच शिकून आला आहे. ‘अण्णा’ काय म्हणतो ते ‘चाचां’ना आणि ‘चाचा’ काय म्हणतात ते ‘मावशीं’ना त्यास न अडखळता सांगता येईल. आजवर कोणी त्यास बैठकीला बोलाविले नसेल, तर आता बोलवावे.